पाचशे मिलीची पिचकारी आणि मागच्या डिफ्रन्शलची घुरघुर

विषय पिचकारीचा आहे. रंगपंचमीच्या नाही, ऑइलच्या. लोखंडी नळकांडं, मागे टी आकाराची मूठ, पुढे वीतभर रबरी नळी, ग्रीस गनची चुलत बहीण म्हणा हवं तर. दुकानदार तिला सक्शन गन म्हणतात, कोणी ऑइल गन म्हणतात, आमच्या घरी तिचं नाव पिचकारी पडलंय आणि तेच बरोबर आहे कारण काम तेच करते, ओढायचं आणि मारायचं. सहा महिने वापरून झाली, तीन गाड्यांवर वापरली, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पण नुसती पिचकारी चांगली आहे असं लिहून काय उपयोग, ती घ्यायची वेळ का आली ते सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझ्याकडे २०१० ची होंडा सीआर-व्ही आहे, २.४ ऑटोमॅटिक, ऑल व्हील ड्राइव्ह. सेकंडहँड घेतलेली. बायको तिला पांढरा हत्ती म्हणते (गाडी काळी आहे, पण ते असू दे). गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून हिला एक सवय लागली, बेसमेंटमधून वर येताना किंवा पार्किंगमध्ये फुल स्टिअरिंग कापून हळू वळवलं की मागून घुर्रर्र असा आवाज, एखादं जुनं लाकडी दार कोणीतरी मुद्दाम सावकाश उघडतंय तसा, आणि आवाजाबरोबर गाडी जरा अडखळते सुद्धा. सरळ रस्त्यावर काही नाही. हायवेला काही नाही. फक्त हळू आणि कापून. वॉचमन उठून बघायचा की कोण आलं.

निदानं भरपूर झाली. शेजारचे काका म्हणाले बेअरिंग. मेव्हणा म्हणाला सीव्ही जॉइंट. एका वर्कशॉपमध्ये दाखवली तर त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, खालून दोन टकटक केल्या आणि सांगितलं की मागचं डिफ्रन्शल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी, गेलंय, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, आणि जो आकडा सांगितला त्यात एक बऱ्या अवस्थेतली स्कूटर आली असती. मी विचारलं आतलं तेल शेवटचं कधी बदललं असेल हो? तर उत्तर आलं, "साहेब, ते लाईफटाईम असतं." नाव घेत नाही, घ्यायचं कारण नाही, हे उत्तर तुम्हाला कुठेही मिळेल. पण घरी येऊन डॅशबोर्डच्या खणातलं मॅन्युअल उघडलं तर मेंटेनन्सच्या वेळापत्रकात मागच्या डिफ्रन्शलच्या तेलाची चक्क वेगळी ओळ आहे. लाईफटाईम म्हणजे कोणाची लाईफ हा प्रश्न मग पडतोच.

आता हा आवाज का येतो ते समजून घेतलं तेव्हा माझा अर्धा राग गेला, कारण यंत्र फार हुशारीने केलेलं आहे. या पिढीच्या सीआर-व्हीत मागच्या डिफ्रन्शलच्या पुढ्यात दोन हायड्रॉलिक पंप आहेत, एक पुढच्या चाकांकडून येणाऱ्या लांब दांड्यावर (प्रॉपेलर शाफ्ट) फिरतो, दुसरा मागच्या चाकांच्या वेगाने. दोन्हींचा वेग सारखा असला की एकाने दिलेलं तेल दुसरा ओढून घेतो, दाब तयारच होत नाही, गाडी पुढच्या चाकांवर चालते. पुढची चाकं चिखलात घसरली की वेगात फरक पडतो, तेलाचा दाब वाढतो, तो क्लचच्या प्लेटांवर येतो आणि मागची चाकं ओढायला लागतात. बटण नाही, कंप्युटर नाही, सगळा कारभार तेलाचा. म्हणून त्याचं नावच ड्युअल पंप फ्लुइड. आणि कापून वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान, म्हणजे वेगात थोडा फरक आलाच, प्लेटा थोड्या चिकटतात आणि सुटतात. तेल ताजं असेल तर हे गपचूप होतं. तेल मेलं की चिकट-सूट चिकट-सूट, आणि तीच ती घुरघुर. म्हणजे दार कुरकुरतंय तर बिजागरीला तेल घाला इतकं साधं, आणि लोक दार बदलायला निघतात.

यात एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, इथे साधं गिअर ऑइल चालत नाही. पुण्याच्या नाना पेठेत एका काउंटरवर मला अगदी प्रेमाने ८०डब्ल्यू-९० चा डबा पुढे केला गेला, "डिफ्रन्शल ना, हेच लागतं." जीपला, बोलेरोला तशाच जातीचं लागत असेल, पण इथे आत क्लच प्लेटा आहेत आणि त्यांना होंडाचं ड्युअल पंप फ्लुइडच पाहिजे. डब्यावर कुठे डीपीएसएफ लिहिलेलं असतं, तेही हेच. मी होंडाच्या पार्ट काउंटरवरून मागवलं, चार दिवस लागले, दोन लिटर घेतलं आणि दोन नवीन ॲल्युमिनियमचे वायसर. वायसर विसरू नका. वायसर जुना लावायचा आणि मग महिनाभर पार्किंगमधल्या डागाकडे बघत बसायचं, हा उद्योग माझा इंजिन ऑइलच्या वेळी करून झालाय.

तेल आलं, आता ते भरायचं कसं. इंजिन ऑइलला वरून नरसाळं लावता येतं. डिफ्रन्शलचं भोक गाडीच्या पोटाखाली, आडवं, त्याच्या वर हातभर जागा नाही. म्हणजे तेल खालून वर चढवायचं. इथे मी पहिली चूक केली आणि ऑनलाइन तो बाटलीवर बसवायचा प्लास्टिकचा हातपंप घेतला, हँडवॉशच्या बाटलीवर असतो ना दाबायचा, त्याचाच थोरला भाऊ. फोटोत एक हसतमुख माणूस पांढऱ्या शर्टात ऑइल भरतोय. तिथेच ओळखायला पाहिजे होतं. पंपाचे आटे माझ्या डब्याला बसले नाहीत, म्हणून बोल्ट उघडायच्या आधी तालीम म्हणून तो नुसता डब्यात उभा केला, एका हाताने डबा धरा, दुसऱ्याने दाबा, आणि नळीचं टोक धरायला तिसरा हात बायकोचा, जी गाडीखाली यायला तयार नव्हती आणि माझं तिच्याशी काही म्हणणं नाही. पंधरावीस वेळा दाबल्यावर नळी पंपापासून सुटली आणि नवंकोरं तेल बाहीतून थेट काखेपर्यंत. परत पाठवायला गेलो तर वापरलेला माल परत नाही. कंपनीचं नाव सांगत नाही, तसेही तेच पंप दहा नावांनी विकले जातात.

दुसऱ्या दिवशी परत नाना पेठ. तिथे एका जुन्या टूल्सच्या दुकानात मालकांनी माझं सगळं रामायण ऐकून घेतलं आणि काही न बोलता फळीवरून ही पिचकारी काढून समोर ठेवली. पाचशे मिली, सहाशे पन्नास रुपये. ब्रँड विचारला तर म्हणे ब्रँड कसला, लोखंड आहे. घासाघीस केली नाही, तेवढा अधिकारच राहिला नव्हता.

बनावट सांगतो. नळकांडं पत्र्याचं नाही, चांगल्या जाड पाइपचं आहे, हातात घेतल्यावर वजन कळतं. टोपण आट्यांचं, ते फिरवून काढलं की अख्खा दट्ट्या बाहेर येतो, त्यामुळे आतून साफ करता येतं आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण नवी आणल्यावर आतमध्ये कारखान्याचं ग्रीस आणि लोखंडाची बारीक कीस असते. माझ्या पिचकारीत होती. पांढऱ्या फडक्यावर चमचमणारा करडा पट्टा आला. ते तसंच डिफ्रन्शलमध्ये मारलं असतं तर वर्कशॉपवाल्याचं भाकीत मीच खरं केलं असतं. रॉकेल आता मिळत नाही, मी डिझेलने धुतली, पुसली, उन्हात वाळवली, मग थोडंसं तेच नवं तेल ओढून फेकून दिलं. दट्ट्याला रबराच्या दोन रिंगा आहेत, त्या घट्ट बसतात, पहिल्यांदा ओढायला जोर लागतो, नंतर सरावते.

आता जे खरंच वाईट आहे ते. बरोबर आलेली रबरी नळी एकदम टाकाऊ. ताठ, आखूड, आणि तोंडाशी इतकी जाड की भोकात घातली तर हवेला बाहेर यायला जागा नाही, मग तेल उलटं फसफसून येतं. मी ती काढून टाकली आणि हार्डवेअरवाल्याकडून गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली, मीटरभर, तीस-चाळीस रुपये. टोक गरम पाण्यात बुडवून पिचकारीच्या नाकावर चढवलं, वरून क्लिप. हिचा फायदा असा की तेल कुठपर्यंत आलंय, मध्ये हवेचा बुडबुडा आहे का, सगळं दिसतं, आणि नळी लांब असल्यामुळे पिचकारी घेऊन तुम्ही गाडीच्या बाहेर बसू शकता, फक्त नळीचं टोक आत. दुसरी तक्रार म्हणजे गळती. भरलेली पिचकारी खाली तोंड करून धरली की टपटप चालू. उपाय सोपा आहे, तेल ओढून झालं की तोंड वर करायचं आणि मूठ अजून बोटभर ओढायची, नळीतलं तेल आत जातं आणि थेंब थांबतो. हे कोणी कुठे लिहिलेलं नाही, चप्पल तेलकट झाल्यावर आपोआप सुचतं.

काम रविवारी सकाळी केलं, कारण सेक्रेटरी काका रविवारी उशिरा उठतात. गाडी आधी दहा मिनिटं फिरवून आणली म्हणजे तेल कोमट होऊन पूर्ण निथळतं. जॅकवर चढवलीच नाही. सीआर-व्हीला मागे खालून सरपटत जाण्याइतकी जागा आहे, आणि मला पोट सुटायला अजून दोन वर्षं आहेत. शिवाय तेलाची पातळी भोकातून बघायची असते, म्हणजे गाडी सपाट उभी पाहिजे, फक्त मागून उचलली तर मापच चुकतं. पी मध्ये टाकली, हँडब्रेक, चाकांना पुढून-मागून लाकडाची पाचरं. उचलायचीच असेल तर चांगल्या घोड्या (जॅक स्टँड) लावा, विटांवर गाडी ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, लांब उभा राहतो.

बोल्ट दोन आहेत, वरचा भरायचा, खालचा काढायचा. आधी वरचा उघडायचा. खालचा उघडून तेल सांडून टाकलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवरून हलवता येत नाही, रिकाम्या डिफ्रन्शलवर टोइंगवाल्याची वाट बघत बसा. आणि माझा वरचा बसलेलाच होता, दिवेआगरच्या वाळूत गाडी नेऊन फोटो काढायची हौस होती ना, ते मीठ इथे भेटलं. या बोल्टांना षटकोनी डोकं नसतं, चौकोनी खड्डा असतो, त्यात तीन अष्टमांश इंची रॅचेटचं टोक थेट बसतं, गोटी (सॉकेट) लागतच नाही. आपल्याकडच्या सेटमध्ये बहुतेक अर्धा इंचीच असतं, ते जात नाही, मग लोक ॲलन की घालून बघतात आणि खड्डा गोल करून ठेवतात. अडॅप्टर मिळतो, तो घ्या. मी आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं होतं, सकाळी लांब दांड्याला पाइप घालून एकच झटका दिला तेव्हा असा टण्णकन आवाज झाला की मला वाटलं बोल्ट तुटला. सुटला होता. तेवढ्यात वॉचमन वाकून बघायला आला, "साहेब, आत आहात ना?"

खालचा उघडल्यावर जे आलं त्याला तेल म्हणायचं म्हणून म्हणायचं. काळं, पातळ, जळका वास. नवं तेल फिकट असतं, हे म्हणजे वडापावच्या गाडीवरचं रविवार संध्याकाळचं. ड्रेन बोल्टला लोहचुंबक असतं, त्यावर करड्या लोण्यासारखा लेप होता, बोटांत चोळला तर नुसता मऊ, खर नाही, तुकडा नाही. मऊ लेप म्हणजे प्लेटांची आणि गिअरची रोजची झीज, त्याला घाबरायचं नाही. दाताचा तुकडा किंवा चमकणारी चिप मिळाली असती तर मात्र मी बोल्ट लावून गुपचूप वर्कशॉपवाल्याकडे गेलो असतो.

निथळून झालं, खालचा नवीन वायसर लावून बंद केला, ४७ न्यूटन-मीटर. हे आवळायच्या जोराचं माप, तो जोर मोजणारा टॉर्क पाना असेल तर वापरा, हाऊजिंग ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर रडायची वेळ येते. मग पिचकारी. दोन भरून मारल्या, म्हणजे एक लिटर, आणि तिसरीला थोडं मारलं तोवर वरच्या भोकातून बारीक धार परत यायला लागली. तेच माप, भोकाच्या काठापर्यंत भरलं की भरलं. धार थांबून थेंब झाला की वरचा बोल्ट. प्लास्टिकच्या पंपाने जे काम अर्ध्या तासात माझ्या काखेत झालं होतं ते हिने पाच मिनिटांत केलं, एकट्याने, आणि खाली सांडलं असेल चहाचा चमचाभर.

मग गाडी समोरच्या मोकळ्या मैदानात नेली आणि फुल स्टिअरिंग कापून सावकाश वर्तुळं, चार डावीकडे, चार उजवीकडे, म्हणजे नवं तेल प्लेटांमध्ये नीट शिरतं. पहिल्या दोन फेऱ्यांत घुर्र झालं आणि माझा चेहरा पडला. तिसऱ्या फेरीत कमी. पाचव्या-सहाव्या फेरीत काहीच नाही. मी काच खाली करून, एसी बंद करून, रेडिओ बंद करून अजून दहा वर्तुळं मारली, क्रिकेट खेळणारी पोरं स्टंप उचलून बाजूला उभी राहून बघत होती. संध्याकाळी बेसमेंटच्या वळणावर वॉचमन उठला नाही. सहा महिने झाले, अजून उठलेला नाही.

यश डोक्यात गेलं की माणूस पुढचं काम काढतो, तसं मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल काढलं. हे त्यामानाने सोपं, ड्रेन बोल्ट तसाच चौकोनी खड्ड्याचा, ४९ न्यूटन-मीटर, आणि भरायचं वरून डिपस्टिकच्या नळीतून, लांब बारीक तोंडाचं नरसाळं लावून. तेल होंडाचं डीडब्ल्यू-१ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), लालभडक, माझं जुनं विटकरी झालेलं. गोम एवढीच की एका वेळी अडीच लिटरच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या तेलाच्या जोडात, अडकून राहतं, आत एकूण सात लिटरच्या आसपास असतं. म्हणून होंडावाले तीन हप्त्यांत करतात, काढायचं, भरायचं, काही दिवस चालवायचं, परत. तीन वेळा केलं की साधारण तीन चतुर्थांश तेल नवं होतं. ताकाला पाणी घालण्याचं उलटं गणित.

इथे मी माती खाल्ली. पहिल्या हप्त्याला इंजिन गार असताना डिपस्टिक बघितली, कमी वाटलं, म्हणून वरून अजून ओतलं. होंडात ही पातळी बघायची रीत वेगळी आहे, इंजिन पूर्ण तापलेलं पाहिजे, रेडिएटरचा पंखा फिरून गेला पाहिजे, मग इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांत डिपस्टिक बघायची. तशी बघितली तर खुणेच्या बरंच वर. आता परत ड्रेन बोल्ट उघडायचा म्हणजे अडीच लिटर सांडायचं. आणि तेव्हा मला पिचकारीची दुसरी बाजू दिसली, ती ओढते पण! त्या पारदर्शक नळीच्या पुढे बारीक नळीचा तुकडा जोडला, डिपस्टिकच्या भोकातून खाली सोडला आणि मूठ ओढली. तीनशे मिली लाल तेल नळीतून चढताना बघून मला जो आनंद झाला तो बायकोला समजावून सांगता आला नाही. पैसे तिथे वसूल.

एक सावधगिरी, पिचकारी एकच असेल तर तेलं बदलताना धुऊन घ्या. माझ्या मित्राने त्याच्या जिम्नीसाठी (मारुतीची फोर बाय फोर) नेली, तिथे तर चार ठिकाणं, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी), पुढचं डिफ्रन्शल, मागचं डिफ्रन्शल, आणि जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑइलचा तो गंधकाचा वास, सडक्या अंड्याचा, आठवडाभर जात नाही. जाड तेल ओढायला पिचकारी नाटकंही करते, डबा आधी उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवावा लागतो, नाही तर मूठ ओढली की तेलाआधी हवाच येते. आणि त्याला काउंटरवर सांगितलं होतं की जीएल-५ वरच्या दर्जाचं आहे, सगळीकडे टाका. तसं नसतं. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गिअर अलगद पडावा म्हणून पितळेच्या सिंक्रो रिंगा असतात, जीएल-५ मधली जोरदार ॲडिटिव्ह्ज पितळेला त्रास देऊ शकतात, म्हणून तिथे गाडीचं पुस्तक जे सांगेल तेच. त्याने फोन करून विचारलं म्हणून वाचला.

जुनं तेल मी बिसलेरीच्या बाटल्यांत भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दिलं, त्यांच्याकडे जळक्या तेलाचा ड्रम असतो, उचलणारा येतो. गटारात ओतणाऱ्यांना तीच बाटली पाजावी.

तर पिचकारीला पाचपैकी चार, एक गुण त्या नळीचा कापला. प्लास्टिकच्या पंपाला शून्य द्यायचा होता, पण हल्ली तो कूलरमधलं पाणी उपसायला वापरतो, म्हणून अर्धा. हिशोब विचाराल तर तेल, वायसर, पिचकारी, नळी, अडॅप्टर, वाया गेलेला पंप आणि एक शर्ट धरून सुद्धा वर्कशॉपच्या आकड्याच्या जवळपास कुठेही नाही.

पिचकारी सध्या जिम्नीवाल्याकडेच आहे, त्याने "उद्या देतो" म्हणून नेली त्याला तीन आठवडे झाले. माझा एटीएफचा तिसरा हप्ता राहिलाय. शनिवारी स्वतः जाऊन आणणार आहे, आणि आधी वास घेऊन बघणार आहे.